आलबेलाचा अहवाल

बँकेवर दरोडा पडतो तो तिजोरी फोडूनच, असा आपला जुना समज. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून तिजोरीला हातही न लावता सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. एटीएमचे व्यवहार पडताळणारी यंत्रणा भेदून, बनावट कार्डांच्या साहाय्याने देशोदेशी काही तासांत पैसे काढण्यात आले. अशा वेळी चोर कोण, याचीच चर्चा फार होते. आमच्या मते त्याहून मोलाचा प्रश्न निराळा आहे. यंत्रणेतील धोका ज्यांना दिसत असतो, त्यांचे म्हणणे संचालक मंडळाच्या कानी पोहोचते काय?

ते पोहोचले नाही म्हणजे काय होते, हे ब्रिटनमधील टीएसबी बँकेने दाखवून दिले आहे. एप्रिल २०१८ मध्ये या बँकेने आपल्या सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती नव्या संगणक-यंत्रणेवर नेली आणि जवळजवळ १९ लाख ग्राहकांना स्वतःच्याच पैशाची दारे बंद झाली. ही यंत्रणा दोन केंद्रांवर चालावयाची होती. भार पेलण्याची चाचणी मात्र एकाच केंद्रावर झाली होती. ही गोष्ट संचालकांपुढे नीट आलीच नाही. मुदत एकदा हुकली असता नवी मुदत कशाच्या आधारे ठरली, हा साधा प्रश्नही त्यांनी नेटाने धसास लावला नाही. 'सर्व सिद्धता आहे' या आश्वासनावर ते विसंबले. डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांवर दंड भरावा लागला.

आपल्याकडे ऑक्टोबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना संचालक मंडळाने संमत केलेले सायबर सुरक्षा धोरण बंधनकारक केले. पण धोरणाचा कागद संमत करणे निराळे आणि धोका जाणणे निराळे. सभेच्या अखेरीस, चहा येण्याच्या सुमारास, अगम्य संज्ञांनी भरलेला अहवाल 'वाचला असे समजून' संमत होत असेल, तर तो न आलेलाच बरा. कोणती सेवा किती तास बंद पडू शकते, ठेवीदारांचे किती पैसे धोक्यात येतात, कशाची चाचणी अजून झालेली नाही आणि ती कोण, केव्हा करणार, एवढे सरळ मराठीत एका पानावर मांडता आले पाहिजे. ते मांडणाऱ्या अधिकाऱ्यास अपशकुनी ठरविले जाता कामा नये.

'आम्हांस संगणक कळत नाही,' ही सबब चालावयाची नाही. बार्ज बांधता येत नाही म्हणून बार्जमालकास कर्ज देताना संचालक प्रश्न विचारावयाचे सोडतात काय? सभासदांनी त्यांना निवडून दिले ते तज्ज्ञ म्हणून नव्हे, विश्वस्त म्हणून.

आमच्या खाजन शेतीत बांधाला खेकड्याने पाडलेले भोक लहानच असते. ते पाहणाऱ्याने गावकऱ्यांना सांगितले नाही, वा सांगूनही त्यांनी ऐकले नाही, तर खारे पाणी शेतात शिरते आणि त्या वर्षाचे भात गेलेच. बांध कोणाचा, हा वाद मग व्यर्थ ठरतो.