दवाखान्यात क्रेडिट कार्ड का चालत नाही? दोन टक्क्यांचा हिशेब आणि उधारीची वही

परभणी : दवाखान्यात ‘कार्ड’ म्हटलं की आपल्याकडे आधी आयुष्मान कार्ड आठवतं, नाहीतर रेशन कार्ड. क्रेडिट कार्डचं नाव फार उशिरा येतं. मात्र देशातल्या क्रेडिट कार्डांची संख्या २०२४ च्या सुरुवातीलाच १० कोटींच्या पुढे गेली आहे. परभणी, सेलू, गंगाखेडमधल्या शिक्षकांच्या, बँक कर्मचाऱ्यांच्या, पुण्यात नोकरीला असलेल्या मुलांच्या खिशात ते आहे. आई-वडिलांना घेऊन हीच मंडळी दवाखान्यात जातात आणि काउंटरवर उत्तर मिळतं, ‘फोनपे करा, नाहीतर कॅश द्या.’

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. आयुष्मान भारत किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ प्रामुख्याने दाखल झालेल्या रुग्णाला, तोही योजनेत असलेल्या रुग्णालयातच मिळतो. बहुतेक आरोग्य विम्यांचंही तसंच. डॉक्टरांची फी, रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, दाताचं रूट कॅनॉल हा रोजचा खर्च खिशातूनच जातो. दुखणं काही सोयाबीन-कापसाचे पैसे हातात येईपर्यंत थांबत नाही.

डॉक्टर का टाळतात?

कार्ड स्वाइप झालं की पूर्ण रक्कम डॉक्टरांच्या खात्यात येत नाही. मधली बँक आणि कार्ड कंपनी आपला वाटा कापून घेतात. याला एमडीआर म्हणतात. डेबिट कार्डावर रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून मर्यादा घातली. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, त्यापुढे ०.९० टक्के. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून हा आकार शून्य आहे. क्रेडिट कार्डावर मात्र अशी मर्यादा नाही. दर बँक आणि दवाखाना यांच्यातल्या करारावर ठरतो आणि साधारण दोन टक्क्यांच्या आसपास राहतो.

उदाहरण घेऊ. समजा दर दोन टक्के आहे. ५०० रुपयांच्या फीवर १० रुपये गेले. फार नाही. छोट्या शस्त्रक्रियेचं बिल २०,००० झालं तर ४०० रुपये गेले, आणि त्या ४०० वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ७२. एकूण ४७२. (२,००० रुपयांपर्यंतच्या कार्ड व्यवहारावरील आकाराला जीएसटी माफ आहे.)

इथे एक बारकावा सहसा सुटतो. कपड्याचा दुकानदार हा जीएसटी आपल्या करातून वळता करू शकतो. डॉक्टरांना ते जमत नाही. वैद्यकीय सेवेला जीएसटी माफ आहे, त्यामुळे इनपुट क्रेडिटही मिळत नाही. ७२ रुपये खर्चातच जातात. शिवाय बहुतेक मशीनना महिन्याचं भाडं असतं. महिन्यात चारच स्वाइप होणार असतील तर मशीन काउंटरवर शोभेलाच राहतं.

दुसरं कारण उघडपणे कोणी सांगत नाही. कार्डाची प्रत्येक रक्कम खात्यात दिसते, रोखीची दिसेलच असं नाही. सरकारने यावर आमिषही ठेवलं आहे. जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न मानून कर भरण्याची सोपी पद्धत डॉक्टरांना ५० लाखांच्या जमेपर्यंत मिळते. रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा २०२३-२४ पासून ७५ लाख झाली. पण खेड्यातून येणारा रुग्ण नोटाच काढतो. शंभरातले ९५ रुपये ऑनलाइन घेणं पालम किंवा सोनपेठच्या दवाखान्याला कसं जमणार?

खरा प्रश्न उधारीचा

आपल्याकडच्या छोट्या दवाखान्यात क्रेडिट ही काही नवी गोष्ट नाही. ते वहीत असतं. ओळखीच्या घरातला रुग्ण ‘दिवाळीला देतो डॉक्टर’ म्हणतो, डॉक्टर नाव लिहून ठेवतात. या उधारीला व्याज नसतं, पण ती कधीकधी बुडते. क्रेडिट कार्ड हीच उधारी डॉक्टरांच्या वहीतून बँकेच्या वहीत नेतं. डॉक्टर ४७२ रुपये सोडतात आणि १९,५२८ रुपये साधारण दुसऱ्या कामाच्या दिवशी खात्यात येतात. उधारी बुडण्याचं भय असलेल्या दवाखान्याला हा सौदा मला तरी महाग वाटत नाही.

महाग पडतो तो रुग्णाला, तोही बिल वेळेत भरलं नाही तर. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. २०,००० वर महिन्याला ७०० रुपये, वर व्याजावर जीएसटी, म्हणजे ८२६. ‘किमान रक्कम’ भरून भागलं असं वाटतं, पण उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहतं आणि नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. थकबाकीवर ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेऊ नये, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्द केला. पुढच्या पगारात पूर्ण बिल भरता येणार असेल तरच दवाखान्यात कार्ड काढावं. नाहीतर डॉक्टरांना दोन हप्ते मागितलेले बरे.

मशीन नसलं तरी

रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं. मग मशीन लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन केला की कार्डातून पैसे जातात. छोट्या व्यापाऱ्यांना २,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारावर एमडीआर नाही, म्हणजे साध्या ओपीडी फीवर डॉक्टरांचं काहीच जात नाही. अडचण एवढीच की क्यूआर कोड व्यावसायिक खात्याचा हवा. अनेक ठिकाणी डॉक्टरांचा वैयक्तिक कोड चिकटवलेला असतो आणि त्यावर क्रेडिट कार्ड चालत नाही. ‘पेमेंट फेल’ दिसलं की आपण नेटवर्कला शिव्या घालतो. व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं यूपीआयला जोडता येत नाहीत, त्यांना मशीनच लागतं.

खात्यात पैसे असतील तर साधं यूपीआय सगळ्यात स्वस्त. रुग्णालयांसाठी एका व्यवहाराची मर्यादा जानेवारी २०२४ पासून एक लाखावरून पाच लाख झाली आहे. यूपीआयवर आकार लागणार, ही चर्चा अर्थ मंत्रालयाने जून २०२५ मध्ये निराधार ठरवली होती.

‘कार्डाला दोन टक्के वरून’ म्हणाले तर?

डेबिट कार्डावर असे जादा पैसे ग्राहकाकडून घेऊ नयेत, हे रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं आहे. क्रेडिट कार्डाबाबत कार्ड कंपन्यांचे नियम आहेत. पावतीवर तो आकार लिहून घ्या आणि आपल्या बँकेकडे तक्रार करा. बिलाआधीच विचारून घेतलेलं सोपं. राज्याच्या २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनुसार रुग्णालयांना दरपत्रक लावावं लागतं, तेही पाहा.

आणि एक गोष्ट पगारदारांसाठी. ६० वर्षांवरील आई-वडिलांचा आरोग्य विमा नसेल, तर त्यांच्या उपचाराच्या खर्चावर जुन्या करप्रणालीत वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. मात्र रोखीने दिलेले पैसे त्यात धरले जात नाहीत. कार्ड, यूपीआय किंवा चेकच लागतो. त्यामुळे वडिलांच्या तपासणीचे १,५०० रुपये नोटांनी द्यायच्या आधी काउंटरवरचा क्यूआर कोड शोधा आणि बिल मागून घ्या.