नकाशात न आलेली बावीस घरे

परवा नातीला भूगोल शिकवायची वेळ आली. धडा वितरणाच्या नकाशांचा होता. टिंब पद्धत, क्षेत्रघनी पद्धत, समघनी पद्धत ही नावे तिने घडाघडा म्हणून दाखवली. एका टिंबाला अमुक माणसे असे प्रमाण धरून टिंबे मांडायची, तो टिंबांचा नकाशा. जिल्ह्याजिल्ह्याला आकड्यांप्रमाणे फिकट-गडद छटा द्यायची, तो क्षेत्रघनी. आणि पाऊस, तापमान यांसाठी सारख्या मूल्यांची ठिकाणे रेषेने जोडायची, तो समघनी. सगळे बिनचूक सांगून झाल्यावर तिने विचारले, "पण आजोबा, टिंब कुठं द्यायचं ते कोण सांगतं?"

मी क्षणभर गप्प बसलो. कारण एके काळी असे सांगणाऱ्यांपैकी मीही एक होतो, आणि मी चुकीचे सांगितले होते.

१९८९ साली रिझर्व्ह बँकेने 'सेवाक्षेत्र' योजना आणली. ग्रामीण भागातल्या प्रत्येक शाखेकडे साधारण पंधरा ते पंचवीस गावे सोपवायची, त्या गावांची पाहणी करायची आणि त्यावरून कर्जाचा वार्षिक आराखडा आखायचा, अशी ती कल्पना. कल्पना चांगलीच होती. मी तेव्हा सह्याद्रीच्या कुशीतल्या एका शाखेत अधिकारी होतो. एका गावाची पाहणी मी चावडीत बसून केली. घरे किती, विहिरी किती, दुभती जनावरे किती, हे समोरच्या मंडळींनी सांगितले आणि मी लिहून घेतले. दुपारच्या जेवणाच्या आत फॉर्म भरून झाला. शाखेच्या भिंतीवर मी हौसेने सेवाक्षेत्राचा नकाशा लावला होता. त्यात ते गाव हिरव्या पेन्सिलीने रंगवून टाकले. हिरवा म्हणजे पाहणी पूर्ण.

काही महिन्यांनी एक धनगर बाई म्हशीसाठी कर्ज मागायला आली. त्या गावाच्या वाट्याची म्हशींची प्रकरणे संपली होती. तसे सांगितल्यावर ती म्हणाली, "सायेब, आमच्या वाड्यावर तर एक बी म्हस मिळाली न्हाई. मग संपली कुनाची?" कोणता वाडा, असे मी विचारले, तेव्हा ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. पुढच्या रविवारी मी तिच्या मागोमाग दीड तास डोंगर चढलो. वर पठारावर बावीस घरे होती. माझ्या फॉर्मात त्यातले एकही नव्हते. पुढच्या वर्षीच्या आराखड्यात वाडा आला आणि मावशींना म्हैसही मिळाली. पण मधले वर्ष गेले ते गेलेच.

त्या दिवसापासून मला रंगवलेल्या नकाशाचा धाक वाटतो. कोऱ्या जागेत निदान आपले अज्ञान कबूल असते. रंगाने मात्र ते झाकले जाते.

२०११ च्या जनगणनेचा नकाशा घ्या. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची घनता दर चौरस किलोमीटरला ११५७ होती, राज्याची ३६५. नकाशावर सगळा जिल्हा एकाच गडद छटेचा. त्या छटेत ठाणे, भिवंडी ही खच्चून भरलेली शहरे होती, आणि जव्हार-मोखाड्याचे विखुरलेले पाडेही होते. आकडा खरा होता, रंगही नियमाप्रमाणे होता. तरी मोखाड्याच्या माणसाला त्या नकाशात आपला मुलूख ओळखता आला नसता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि हद्द बदलताच रंगही बदलला. माणसे होती तिथेच होती.

नकाशाच्या थोरवीची गोष्ट म्हणून लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांचे नाव नेहमी घेतले जाते. १८५४ साली सोहो भागात पटकीची साथ आली, दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे गेली. स्नो यांनी प्रत्येक मृत्यूची काळी रेघ नकाशावर मांडली आणि त्या रेघांची गर्दी ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाभोवती दिसली. पण पंपाचा दांडा ८ सप्टेंबरला काढला गेला, तो तो नकाशा छापून येण्याआधी. खरे काम झाले ते दारोदार विचारण्याने. शेजारच्या दारूभट्टीतले कामगार का वाचले? ते तिथली बिअर पीत, पंपाचे पाणी पीत नसत. दूर हॅम्पस्टेडला राहणारी विधवा का गेली? तिला ब्रॉड स्ट्रीटचेच पाणी आवडे, ते ती मुद्दाम मागवी. हेन्री व्हाइटहेड हा तिथला तरुण धर्मोपदेशक तर स्नो यांचे म्हणणे खोडून काढायला घरोघरी फिरला आणि फिरता फिरता त्यालाच ते पटले. फिरल्याशिवाय खोडायचे नाही, एवढा प्रामाणिकपणा त्याच्यापाशी होता.

२०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली. तिच्या जागी जाहीर झालेल्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. प्रगणकांच्या हाती कागदाऐवजी मोबाइल, ही तिची नवलाई. कोणी म्हणेल, आता उपग्रह आहेत, ड्रोन आहेत, वाडा सुटेलच कसा? छप्पर सुटणार नाही, हे मान्य. पण छपराखाली कोण राहते, हे वरून दिसत नाही. फेब्रुवारी हा उसाच्या गाळपाचा हंगाम. बीडकडची कितीतरी कुटुंबे तेव्हा घराला कुलूप लावून कारखान्यांच्या आसपास कोप्यांत असतात. तिथे कोणी त्यांना गाठले नाही, तर गावी कुलूप आणि इथे परके, अशी त्यांची दोन्हीकडून गळती होईल. शाळा, रेशन, दवाखाना, मतदारसंघ, सगळे पुढे याच आकड्यांवर उभे राहते.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. प्रगणक बहुधा कुणीतरी शिक्षक असतो, शाळा सांभाळून उन्हातान्हात फिरणारा. त्याला एवढी घरे द्या की प्रत्येक उंबऱ्यापर्यंत जायला त्याला वेळ उरेल. तो दाराशी आला तर फ्लॅटच्या जाळीआडून "नंतर या" म्हणू नका. आणि आपल्या गावाची वाडी, पाडा, तांडा, कोप्या त्याच्या नजरी नकाशात आल्या की नाही, हे गावातल्या जाणत्यांनी एकदा विचारून घ्यावे.

नातीला मी शेवटी एवढेच म्हणालो, "जो तिथं चालत जातो, त्यानं सांगावं." तिने ते वहीत लिहून घेतले. परीक्षेत त्याला गुण मिळतील की नाही, कोण जाणे.