दादरला उतरताना

6 डिसेंबर जवळ आला की आपल्या वस्त्यांतून एकच विचारणा सुरू होते, "दादरला कोणत्या गाडीने निघायचं?" मुंबईला जायचे असे कुणी म्हणत नाही. मराठवाड्यातल्या आपल्या माणसांसाठी मुंबई म्हणजे दादर. पण ज्या स्टेशनात आपण एवढ्या संख्येने उतरतो, त्याची नीट माहिती फार थोड्यांना असते. मग कुणाची आई चुकते, कुणाचे आजोबा भलत्याच बाजूला उतरून तास न् तास बसून राहतात. म्हणून या वेळी सदरात दादर स्टेशनविषयी लिहितो आहे.

पहिली गोष्ट, दादर हे एक स्टेशन नाही, दोन आहेत. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची पहिली गाडी 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला धावली, तो आजच्या मध्य रेल्वेचा मार्ग. दुसरी बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया कंपनी. तिची विरार ते बॅकबे ही गाडी 12 एप्रिल 1867 रोजी सुरू झाली आणि ती दादरला थांबत असे. त्या काळी दिवसाला एकच गाडी होती, हे आज दर दोन-तीन मिनिटाला लोकल पाहणाऱ्याला खरे वाटणार नाही. 5 नोव्हेंबर 1951 रोजी मध्य व पश्चिम रेल्वे अस्तित्वात आल्या, पण दादरला दोघींचे फलाट शेजारी शेजारी असूनही आकडे वेगळेच राहिले. इकडेही एक नंबर, तिकडेही एक नंबर! "तीन नंबरवर थांबा" असा निरोप मिळालेला माणूस कोणत्या तीन नंबरवर थांबणार? बाहेरगावच्या माणसांचे यात किती हाल झाले असतील, याचा हिशेब कोणत्याच वहीत नाही.

हा घोळ मिटायला 2023 साल उजाडावे लागले. 9 डिसेंबर 2023 पासून पश्चिम रेल्वेचे फलाट 1 ते 7 आणि मध्य रेल्वेचे 8 ते 14, असे सलग नंबर झाले. म्हणजे महापरिनिर्वाण दिनानंतर अवघ्या तीन दिवसांनी! असो, झाले हे चांगलेच झाले. जुन्या जाणत्यांनी मात्र पूर्वीचे आकडे विसरावेत. आपल्याकडून जाणारी गाडी मध्य रेल्वेच्या बाजूला, म्हणजे 8 ते 14 मध्येच लागते.

आता दिशा. मध्य रेल्वेकडून बाहेर पडले की पूर्व बाजू. 1896 च्या प्लेगनंतर दाट वस्तीच्या मुंबईला मोकळी जागा हवी म्हणून इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा भागात नव्या वसाहती आखल्या. त्यांतल्याच हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी राजगृह बांधले. चैत्यभूमी आहे पश्चिमेला, समुद्रकाठी. 7 डिसेंबर 1956 रोजी अंत्ययात्रा राजगृहातून निघाली आणि दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. म्हणजे बाबासाहेबांचे घर आणि चैत्यभूमी यांच्या मधोमध हे स्टेशन आहे. चैत्यभूमीला जायचे तर पूल चढून सगळे रूळ ओलांडून पश्चिमेला उतरावे लागते. दादर या शब्दाचा एक अर्थ जिना असाही आहे, आणि गुडघे दुखणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या बायांना तो अर्थ कुणी सांगावा लागत नाही.

या पुलांची मला खरी काळजी वाटते. दादरच्या अलीकडच्याच एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर 29 सप्टेंबर 2017 रोजी चेंगराचेंगरीत 23 माणसे गेली. पाऊस आला, माणसे पुलावर थबकली, मागून लोंढा येत राहिला, एवढेच निमित्त. पुढे त्या स्टेशनचे नाव प्रभादेवी झाले. दादरलाही चैत्यभूमी नाव द्यावे ही आपली जुनी मागणी आहे व ती रास्तच आहे. पण निवेदन देताना त्याच कागदावर रुंद पूल, बायकांसाठी पुरेशी शौचालये आणि पिण्याचे पाणी हेही लिहिले पाहिजे. नावाची पाटी एका दिवसात लागते, पुलाला वर्षे लागतात.

आपल्या वडीलधाऱ्यांना मीटरगेजने मनमाडला जाऊन तिथे गाडी बदलावी लागे. नव्वदच्या दशकात रुंद रूळ झाले आणि देवगिरी, तपोवन यांनी सरळ मुंबई गाठता येऊ लागली. ऑक्टोबर 2025 पासून आपल्या स्टेशनचे नाव छत्रपती संभाजीनगर आणि सांकेतिक अक्षरे सीपीएसएन झाली आहेत. तिकीट काढताना जुने एडब्ल्यूबी शोधत बसू नये.

परतीचे मात्र आधी ठरवावे. बहुतेक गाड्या सीएसएमटीहून सुटतात, दादरला येईपर्यंत जनरलचा डबा भरलेला असतो. म्हणून लोकलने सीएसएमटीला जाऊनच बसावे. लोकलचे तिकीट वेगळे काढावे लागते. पहिल्या वर्गाचा डबा दिसायला तसाच असतो, आपली माणसे नकळत त्यात चढतात आणि दंड भरतात. डब्यावरची पाटी पोरांनी वाचून सांगावी. 5 डिसेंबरच्या रात्री मध्य रेल्वे परळ-कल्याण आणि कुर्ला-पनवेल अशा जादा लोकल सोडत आली आहे, ठाणे-कल्याणला नातेवाइकांकडे उतरणाऱ्यांना त्या उपयोगी पडतात.

पुलावर कुणाची वाट पाहत उभे राहू नये. लहान मुलांच्या आणि वृद्धांच्या खिशात नाव, गाव व सोबतच्या माणसाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, मोबाइलची बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नाही. चुकामूक झालीच तर भेटायची जागा गाडीत बसण्याआधी ठरवावी. पश्चिमेच्या फुलबाजारात मात्र ठरवू नये, तिथे एरवीही पाय ठेवायला जागा नसते.