मर्यादवेल आणि महाजन

गोव्याच्या किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांचा विषय निघाला की आपल्यातील प्रतिष्ठित मंडळी एकच उत्तर देतात : "वाळूच ती, तिच्यात राखण्यासारखे काय आहे?" हे उत्तर आम्ही न्यायालयाच्या व्हरांड्यात ऐकले आहे, पंचायतीत ऐकले आहे, आणि देवळाच्या चौकात पालखी निघण्याची वाट पाहत असताही ऐकले आहे. ह्या तिसऱ्या ठिकाणच्या मंडळींसाठीच आम्ही हे लिहीत आहो.

ज्यांस ती नुसती वाळू वाटते त्यांनी ज्येष्ठ-आषाढात मोरजीच्या किंवा बाणावलीच्या पुळणीवर जाऊन उभे राहावे. नैऋत्येच्या वाऱ्याने खवळलेला समुद्र पुळणीची वाळू ओढून आत नेतो व उथळ पाण्यात तिचा बुडीत बांध घालतो. लाटांचा जोर त्या बांधावर फुटतो. वाळू कमी पडली तर ती तो टेकडीच्या पायथ्यातून उचलतो. पाऊस ओसरल्यावर तीच वाळू हळूहळू किनाऱ्यास परत येते, सुकते, वाऱ्याबरोबर वर चढते, आणि मर्यादवेल तिला जागच्या जागी धरून ठेवते. ही ठेव मोडून तिच्यावर हॉटेल उभारले म्हणजे पुढच्या आषाढात समुद्र वसुलीस येतो तो थेट भिंतीपाशी. मग तेच गृहस्थ सरकारकडे दगडी बंधारा मागतात. बंधाऱ्यावर आपटून परतणारी लाट समोरची पुळण खरवडून नेते आणि बंधाऱ्याच्या टोकापलीकडे शेजाऱ्याचा माड मुळापासून उघडा पडतो. टेकडीच्या पोटात पावसाचे गोडे पाणीही साठलेले असते. ते खाऱ्याहून हलके म्हणून खाऱ्यावर तरंगते. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरील विहिरी आजवर गोड राहिल्या त्या ह्या साठ्यामुळे.

ह्या वेलीला मर्यादवेल हे नाव आपल्याच लोकांनी दिले. समुद्राची सत्ता कोठे संपते हे ती दाखवते, असा त्या नावाचा अर्थ. सरकारी कायद्यास मात्र हीच गोष्ट सांगावयास बराच काळ लागला. पंतप्रधान इंदिरा गांधी ह्यांनी १९८१ साली किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांस पत्र लिहून भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा ठेवण्यास कळविले. दहा वर्षांनी, १९९१ साली, किनारी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना निघाली, व पुढच्या वीस वर्षांत तिच्यात वीसहून अधिक वेळा दुरुस्त्या झाल्या. एखाद्या सदऱ्याला इतकी ठिगळे लागली असती तर मालकाने तो केव्हाच टाकून दिला असता. २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र कलमे आली : वाळूच्या टेकड्यांची मोजणी करून नकाशा करावा, त्यांवर कोणतेही काम होऊ देऊ नये, आणि मांद्रे, मोरजी, आगोंद व गालजीबाग येथील कासवांच्या विणीच्या जागा राखाव्यात. २०१९ च्या अधिसूचनेनेही टेकड्यांना सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात ठेवले आहे.

तर मग टेकड्या जातात कशा? वकिली करणाऱ्यास ह्याचे उत्तर ठाऊक असते. कायदा टेकडीचे रक्षण करतो, आणि टेकडी कोठे आहे हे नकाशा सांगतो. २०११ ची कलमे ज्या आराखड्यावर अवलंबून होती तो गोव्याचा आराखडा मंजूर झाला २०२२ साली. मधल्या अकरा वर्षांत पावसाळ्याआधी एका रात्री यंत्र लावले, वाळू सपाट केली, वेल उपटून जाळली, की मोजणीदार येतो तेव्हा त्याला सपाट भूखंड दिसतो. टेकडी नव्हतीच, असे मग प्रतिज्ञापत्रावर सांगता येते. खून करून प्रेतच नाहीसे करावे आणि मयत मनुष्य कधी जन्मलाच नव्हता असा बचाव करावा, त्यातला हा प्रकार. आमच्या मते, जेथे टेकडी होती असे सिद्ध होते तेथे ती आहे असेच कायद्याने धरले पाहिजे. आपल्याच अपकृत्याचा लाभ कोणासही मिळू नये हे तत्त्व न्यायालयांस नवे नाही. २००४ साली गोव्याच्याच किनाऱ्यावरील एका बेकायदा बांधकामाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दया दाखविण्याचे नाकारले होते.

शिक्षेची कथा तर त्याहून उद्बोधक आहे. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली पूर्वी पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकत असे. २०२३ च्या दुरुस्तीने, जी एप्रिल २०२४ पासून लागू झाली, त्याजागी दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत दंड ठेवला; कारावास उरला तो दंड न भरणाऱ्यासाठी. समुद्रासमोर हॉटेल बांधणारा हा दंड बांधकामाच्या अंदाजपत्रकातच धरील.

आता मालकीचा मुद्दा. "जमीन आमची, पोर्तुगीज काळापासूनची," असे सांगण्यात येते, आणि पुष्कळदा ते खरेही असते. पण देवस्थानाच्या महाजनांस मालकी म्हणजे काय हे आम्ही समजावून सांगावे काय? देवाची जमीन त्यांच्या हातात असते, तिचे उत्पन्न ते मोजतात, तिच्यासाठी कोर्टात उभे राहतात. तथापि ती आपली म्हणून विकता येत नाही, हे प्रत्येक महाजन जाणतो. १९९६ साली, हिमाचलातील बियास नदीच्या काठच्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने समुद्रकिनारा, वाहते पाणी व अरण्ये ह्यांबाबत राज्य हे केवळ विश्वस्त आहे असे म्हटले. आपल्या लोकांना ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. आपण ती गाभाऱ्यापुरती शतकानुशतके पाळत आलो आहो. आणि जमीन खाजगी असली तरी जिच्या भरवशावर अख्ख्या वाड्याचे पाणी व माड आहेत ती मोडण्याचा अधिकार मालकीत येतो, असे आम्ही मानीत नाही.

पोटाचा प्रश्न आम्ही हलका लेखीत नाही. परंतु रापणकाराची होडी टेकडीच्या आडोशास राहत आली, तिने टेकडी कधी मोडली नाही. हंगामी शॅक पावसाळ्यापूर्वी काढावा लागतो. टेकडी मोडते ती पायाच्या खोदाईने, आणि त्या खोदाईत राबणारा मजूर तेथे पाहुणा म्हणून कधीच उतरत नाही.

अनेक देवळांच्या मंडपात फरशीवर कासव कोरलेले असते. त्याला हात लावून, तो हात कपाळी नेऊन आपण पुढे जातो. विष्णूच्या दुसऱ्या अवताराचे जिवंत कूळ हिवाळ्याच्या रात्री मोरजीस किंवा गालजीबागेस येऊन वाळूत अंडी घालते. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात, तेव्हा टेकडीची काळी कड पाठीशी ठेवून ती उजळ क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे, धावतात. टेकडी गेली आणि तिच्या जागी दिव्यांची रांग आली की ती उलट दिशेने, रस्त्याकडे जातात. त्या दिव्यांच्या मालकाचे नाव कित्येकदा जीर्णोद्धाराच्या देणगीफलकावर ठळक अक्षरांत आढळते. ती देणगी घेताना पैसा कोठून आला हे विचारण्याची प्रथा आपल्याकडे नाही. ती पडली पाहिजे.

कांदोळीपासून बाग्यापर्यंतची रांग बहुतांशी गेली. मोरजी-मांद्र्याकडे व सासष्टीच्या काही भागांत अजून शिल्लक आहे, आणि तेथील वृद्धांना कोणती टेकडी कोठवर होती हे पावलांत सांगता येते. ही साक्ष त्यांच्याबरोबर जाण्याआधी प्रतिज्ञापत्रांवर उतरविली पाहिजे. किनाऱ्यावरील प्रत्येक देवस्थानाच्या महाजनांनी येत्या वार्षिक सभेत दोन ठराव करावेत : देवाची एक हातही किनारी जमीन बांधकामास भाड्याने देणार नाही, आणि गावच्या टेकड्यांची जुनी हद्द साक्षीदारांच्या सह्यांनिशी लिहून किनारी प्राधिकरणास सादर करू. मसुदा आम्ही विनामूल्य करून देऊ.