गारवा कोणासाठी?

सुरगाणा तालुक्यातील आदिवासी शेतमजूर दर हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत राबण्यासाठी येतात. त्यांच्या श्रमातून पिकलेली निर्यातीची द्राक्षे शीतगृहातून न्हावाशेवा बंदरात आणि तेथून जहाजावर जातात. शून्य अंशाच्या आसपासचा गारवा त्यांना सबंध प्रवासात मिळतो. कारण तो चुकला तर माल नासतो आणि पैसा बुडतो. परंतु तेच जहाज उष्ण समुद्रातून हाकणाऱ्या खलाशाच्या खोलीत गारवा किती असावा, हे कोणी ठरवावयाचे?

प्रश्न जुना आहे. १९०६ च्या ब्रिटिश कायद्याने खलाशाची राहण्याची जागा ७२ घनफुटांवरून १२० घनफुटांवर नेली. भारतीय खलाशांना मात्र त्यातून वगळले. उष्ण देशातील माणसाला उकाडा बाधत नाही, हे त्या काळचे सोयीस्कर तत्त्वज्ञान होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००६ च्या सागरी कामगार करारनाम्याने त्याला मूठमाती दिली. केवळ समशीतोष्ण भागात फिरणारी जहाजे वगळता खलाशांच्या निवासात वातानुकूलन अनिवार्य ठरले. भारताने २०१५ साली हा करारनामा स्वीकारला.

तथापि यंत्र बसविले म्हणजे हक्क मिळाला, असे नव्हे. बाहेर ३५ अंश उष्मा व ७० टक्के आर्द्रता असता आत २७ अंश व ५० टक्के राखता यावेत, असा जहाजबांधणीचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. म्हणजे हवा नुसती थंड करून भागत नाही. तिच्यातील दमटपणाही काढावा लागतो. एकूण हवेत किमान ४० टक्के बाहेरची ताजी हवा हवी. आतलीच हवा पुनःपुन्हा फिरविल्यास इंधन वाचते; पण ती बचत खलाशाच्या श्वासातून केलेली असते. यंत्रशाळेलगतची खोली अधिक तापते, म्हणून प्रत्येक खोलीत स्वतंत्र नियंत्रण हवे. यंत्राचा आवाज झोप मोडणारा नसावा आणि माणसे जहाजावर आहेत तोवर त्याची वीज तोडली जाऊ नये.

म्हणून यंत्राची निवड केवळ मालकाच्या खर्चाच्या वहीवर सोडता येणार नाही. तपासनिसाने कागद पाहून न थांबता ऐन उन्हाळ्यात खलाशाच्या बिछान्यापाशी तापमापक धरला पाहिजे आणि खलाशांच्या प्रतिनिधीचे म्हणणे ऐकले पाहिजे.

द्राक्षाला गारवा बाजार देतो. माणसाला तो संघटित बळाने आणि कायद्यानेच मिळतो. खलाशाने निदान कायदा तरी मिळविला. बागेच्या कडेला पत्र्याच्या वा ताडपत्रीच्या आडोशाला मार्च-एप्रिलच्या रात्री काढणाऱ्या सुरगाण्याच्या मजुराला, 'त्याला उन्हाची सवय आहे' हेच उत्तर आजही ऐकावे लागते. समुद्रावर जे तत्त्वज्ञान बुडाले, ते जमिनीवर तरंगत ठेवण्याचे कारण नाही.