तीन मिनिटांचें बळ

गेल्या सुटींत आमच्या घरीं एक लहानसा वाद झाला. दिवाणखान्यांत जमलेलीं मुलें एक जुनी जपानी चित्रमालिका पाहत होतीं. पडद्यावर रबरी कातड्याचा एक अवाढव्य राक्षस इमारती तुडवीत होता, आणि रुपेरी-तांबड्या अंगाचा तितकाच उंच एक पुरुष त्याच्याशीं झोंबत होता. "हा कसला पोरखेळ!" असें म्हणून मीं तें बंद करावयास सांगितलें. त्यावर धाकटा पुतण्या म्हणाला, "काका, एक भाग शेवटपर्यंत पाहा आणि मग रागवा." एकाचे अनेक झाले, आणि रागावण्याचें राहूनच गेलें.

'अल्ट्रामॅन' हें त्या मालिकेचें नांव. १९६६ च्या जुलैमध्यें ती जपानच्या दूरचित्रवाणीवर सुरू झाली, आणि १९६७ च्या एप्रिलमध्यें ३९ व्या भागानें संपली. तिचे सूत्रधार एइजी त्सुबुराया हे १९५४ सालच्या 'गॉडझिला' बोलपटांतील करामतींमुळें आधींच नांवाजलेले होते. त्यांची युक्ति ऐकण्यास सोपी आहे. माणसास रबरी पोशाख चढवावयाचा, त्याच्याभोंवतीं चिमुकलें शहर उभारावयाचें, आणि अधिक वेगानें टिपलेलें चित्र नेहमींच्या वेगानें दाखवावयाचें. मग प्रत्येक पाऊल जड पडतें, धूळ संथपणें उडते, आणि साधा माणूस ४० मीटर उंच भासूं लागतो. क्वचित् एखादी तार वा शिवण दिसते; परंतु दिवाळींतल्या मातीच्या किल्ल्यावरील शिपाई किल्ल्याहून मोठा असला म्हणून मुलांचा रसभंग होत नाहीं, तसेंच हें आहे.

या नायकाचें रूप तोरू नारिता या शिल्पकारानें आंखलें. मुखावर ना क्रोध ना गर्व. ओठांवर प्राचीन मूर्तींसारखें मंद स्मित. राक्षसांसाठींहि त्यानें स्वतःस नियम घालून घेतले होते. ठाऊक असलेला प्राणी नुसता मोठा करून दाखवावयाचा नाहीं, दोन डोकीं वा जादा अवयव जोडून किळस आणावयाची नाहीं, फाटलेलें रक्तबंबाळ शरीर रेखाटावयाचें नाहीं. बालकांपुढें काय ठेवावें याचा एवढा विवेक करणारा कलावंत विरळाच!

परंतु या मालिकेची खरी गोडी नायकाच्या बळांत नसून त्याच्या मर्यादेंत आहे. पृथ्वीवर त्याचें बळ अवघीं तीन मिनिटें टिकतें. छातीवरील निळा दिवा तांबडा होऊन लुकलुकूं लागला कीं, तो थकत चालला असें समजावें. दिवा विझला तर तो पुन्हा उठावयाचा नाहीं. हा दिवा नारितास मुळींच रुचला नव्हता. तथापि मुलें श्वास रोखून पाहतात, तीं त्या दिव्याकडेच.

मालिकेंत थट्टाहि आहे. एका भागांत नायक हयाता भात-करी खात असतां धांवत बाहेर पडतो, आणि रूप पालटण्यासाठीं हात उंच करतो, तर हातांत यंत्राऐवजीं चमचा! पण २३ व्या भागांतील जमिलाची कथा पाहून मोठीं माणसेंहि गप्प बसतील. हा राक्षस मूळचा एक अंतराळवीर. त्याचें यान भरकटून पाणी नसलेल्या ग्रहावर पडलें. त्याच्या देशानें ती गोष्ट लपविली, आणि तेथें जगतां जगतां त्याचें मानवी रूप नाहींसें झालें. सूड घेण्यास तो परत येतो, तेव्हां 'हा माणूस होता हें कोणास कळूं न देतां त्यास नष्ट करा' अशी आज्ञा सुटते. ज्या पाण्याच्या अभावीं तो तळमळला, त्याच पाण्याच्या माऱ्यानें चिखलांत लोळत तो मरतो. त्या विजयाचा आनंद मुलांपैकीं एकासहि झाला नाहीं.

शेवटाकडे आणखी एक प्रश्न उभा राहतो. शास्त्रीय पथकांतील इदे हा विनोदी गडी खिन्न होऊन विचारतो कीं, शेवटीं अल्ट्रामॅनच येणार, तर आमचा उपयोग काय? तो नुसती वाट पाहत राहतो, आणि त्यास वांचवितांना पिग्मॉन हा लहानसा स्नेही जीव प्राणास मुकतो. या प्रश्नाचें उत्तर अखेरच्या भागांत मिळतें. झेट्टन या राक्षसापुढें अल्ट्रामॅन चक्क हरतो, आणि झेट्टनचा नाश करतात तीं साधीं माणसें, स्वतः तयार केलेल्या शस्त्रानें.

तो भाग संपला तेव्हां मला आमच्या वहिनी आठवल्या. आजारपण असो, पाहुणे असोत, कोणाची परीक्षा असो, 'वहिनी आहेत ना!' हा आमच्या घराचा मंत्र. गेल्या वर्षीं त्या तीन आठवडे अंथरुणास खिळल्या, तेव्हां साखरेचा डबा कोठें असतो हेंहि आम्हां पुरुषांस ठाऊक नव्हतें. त्या किती दिवसांपासून थकत चालल्या होत्या, याची चौकशी एकानेंहि केली नव्हती, मींहि नाहीं. प्रत्येक एकत्र कुटुंबांत असें एखादें माणूस असतेंच. त्याच्या छातीवर दिवा नसतो, म्हणून तो तांबडा झालेला आपणांस दिसत नाहीं, इतकेंच.

वाचकहो, मुलांनीं हीं जुनीं जपानी चित्रें पाहावयास मागितलीं तर खुशाल पाहूं द्यावीं, आणि शक्य झाल्यास शेजारीं बसून आपणहि पाहावीं. मीं रागावून तीं बंद केलीं असतीं, तर साखरेच्या डब्याची लाज मला अजूनहि वाटली नसती.