गॅलरीतला सूर्य

परवा हापिसात जेवताना आमचा एक ज्युनियर म्हणाला, "अमेरिकेत जॅक्सन ऑसवॉल्ट नावाच्या पोराने बाराव्या वर्षी घरी फ्यूजन केलं. आपल्याला दोन विकांत पुरतील!" ट्रान्सफॉर्मर कुठून आणणार? "भंगारातल्या मायक्रोवेव्हचा."

माझा घास घशातच अडकला.

त्या पोराने जानेवारी २०१८ मध्ये, तेरावं लागायच्या जेमतेम आधी, हे केलं हे खरंय. पण बातमीत छापून येतो तो जांभळा उजेड आणि वय. त्यामागची महिनोन्‌महिन्यांची खटपट कोण छापणार?

यंत्राचं नाव फ्यूझर. टीव्हीच्या जनकांपैकी एक असलेल्या फिलो फार्न्सवर्थची १९६० च्या दशकातली ही कल्पना. पोलादी भांड्यातली हवा पंपाने काढायची, किंचित ड्यूटेरियम सोडायचं, मधल्या तारेच्या जाळीला उणे वीस-तीस हजार व्होल्ट द्यायचे. आयन जाळीकडे धावतात, आदळतात, क्वचित जुळतात. वीजबिल मात्र वाढतंच, कमी होत नाही :)

लोक विचारतात, "स्फोट झाला तर?" अहो, बटण बंद केलं की फ्यूजन संपलं. माणूस मरेल तो शॉकने. मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर दोनेक हजार व्होल्ट देतो, आणि जीव घ्यायला पुरून उरेल इतका करंटही. मी स्वतः एकदा जुना मायक्रोवेव्ह उघडला होता. प्लग काढलेला, म्हणून निर्धास्त. स्क्रू-ड्रायव्हर कपॅसिटरच्या टोकांना लागला, फाट्कन आवाज झाला आणि टोक वितळलं. तिथे बोट असतं तर? च्यायला, आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

आपल्या धंद्याने आपल्याला बिघडवलंय. चालवून बघू, एरर आली की दुरुस्त करू! इथे एरर वाचायला आपण शिल्लक असू याची खात्री काय?

त्यानंतर क्ष-किरण. पोलाद ते बऱ्यापैकी अडवतं, बघायची काच नाही. म्हणून काचेला डोळा लावायचा नाही, कॅमेरा लावायचा आणि लांब बसायचं. न्यूट्रॉन सगळ्यात शेवटी. ते जाणवतच नाहीत, त्यामुळे मोजायची सोय आधी हवी.

माझं मत कडू वाटेल, पण पहिलं वर्ष ड्यूटेरियमचं नाव काढू नका. नुसता व्हॅक्यूम शिका: गळती शोधा, दाब मोजा. व्होल्टेज त्यानंतर, तेही जाणकार शेजारी उभा असताना, भांडं अर्थ केलेलं, आणि हात लावायच्या आधी दर वेळी दांडीने डिस्चार्ज करून. शिवाय आपल्याकडे क्ष-किरण सोडणारी यंत्रं अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अखत्यारीत येतात, तेव्हा टू-बीएचकेची गॅलरी विसरा. एखाद्या कॉलेजची प्रयोगशाळा गाठा.

ज्युनियर दोन दिवस फुगला होता. काल त्याचा मेल आला: सेकंड हँड पंप स्वस्तात मिळतोय, गेज महाग आहे, गेजशिवाय चालेल का?

लिहिलं, आधी गेज घे.